उंचीचे दोरे

कॅप्टनसाहेब रविवारऐवजी सोमवारी येणार, हा निरोप बहिणीने, शोभनाने, महूहून शेजारच्यांच्या फोनवर दिला आणि तो घेतला मोहनने. तिथेच घोळ झाला. "हो हो, बिलकुल, सोमवारी" असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि घराच्या फाटकाशी आल्यावर त्याला आठवलं की हा सोमवार श्रावणातला. श्रावणातल्या सोमवारी त्याची बायको शारदा दिवेलागणीपर्यंत बोलत नाही.

"आता?" तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "परत फोन करून रविवारच ठेवा म्हणू का?"

शारदा वातींसाठी कापूस पिंजत होती. "कशाला? त्यांना खुर्चीवर मूल बसवून बघायचंय ना? मग मी बोलले काय आणि न बोलले काय."

"अगं, पण समजावून कोण सांगणार? बाबा दोन वाक्यं बोलतात, तिसऱ्याला चिडतात."

"तुम्ही सांगा."

मोहनने पंच्याने कपाळ पुसलं. मिलच्या टाइम ऑफिसात तो अठरा वर्षं हजेरीची कार्डं लावत होता आणि आता एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मालाच्या बिल्ट्या लिहीत होता. बोलण्याची नोकरी त्याने कधी केली नव्हती.

"नेम एक दिवस पुढे ढकलता येत नाही?"

"येतो की," शारदा हसून म्हणाली. "पण मग तो नेम राहत नाही."

मोहन बाहेर जाऊन मागच्या शेडकडे पाहत उभा राहिला.

त्या शेडवरूनच सगळं होतं. मागच्या अंगणातली ती पत्र्याची शेड. मिल बंद पडल्यापासून बाबा, म्हणजे चिंतामणराव, तिथे सकाळी सात ते अकरा आणि दुपारी एक ते पाच रंधा मारत, मिलच्या सुतारखात्यातल्याच वेळा सांभाळून. धाकट्या भावाने, विष्णूने, विजय नगरला दुकान टाकलं होतं. मुलांचं फर्निचर, सगळं तयार, दिल्लीहून खोक्यांत येणारं. माल ठेवायला त्याला गोदाम हवं होतं आणि शेडएवढी सोयीची जागा दुसरी नव्हती. "बाबांचं काम चालतं तिथे," हे मोहनचं म्हणणं. "काम? अडीच वर्षांत चार खुर्च्या, त्यातल्या तीन आपल्याच घरात," हे विष्णूचं. मागच्या आठवड्यात दोघांचे आवाज वाढले तेव्हा चिंतामणरावांनी रंधा खाली ठेवला. महूच्या शाळेने चाळीस खुर्च्यांचं काम दिलं तर शेड माझी आणि शारदेची, ते म्हणाले. नाही दिलं तर गणपतीआधी मी माझ्या हाताने अवजारं आवरीन. मग पुन्हा विषय नाही.

"आणि शारदेची" हे सगळ्यांच्या कानाला खटकलं होतं. फक्त शारदेला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. दोन वर्षं भोकं पाडायचं गिरमिट तिच्याच हातात होतं.

*

सोमवारी शोभना पहिल्या बसने आली. कॅप्टन जयसिंगराव फौजेतून निवृत्त होऊन महूला शाळा चालवत. त्यांच्याच शाळेत ती बालवर्गाला शिकवायची. माहेरच्या खुर्चीची गोष्ट तिनेच मीटिंगमध्ये काढली होती, मोठ्या तोंडाने. आता जीप यायला तासच उरला होता.

"वहिनी, सगळं तयार ना?"

शारदेने मान हलवली, हसली आणि तिच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीची ताटली दिली.

"आज मौन! आजच!" शोभना दादाकडे वळली. "तू मला फोनवर सांगायचं नाहीस का?"

"लक्षात राहिलं नाही."

"श्रावण लक्षात राहिला नाही? घरात सोळा सोमवार चालतात आणि..."

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर वाजली. विष्णू आला तो हातात मोजपट्टी घेऊनच. आल्याआल्या शेडमध्ये शिरून त्याने मागच्या भिंतीला पट्टी लावली.

"चप्पल," चिंतामणराव मान वर न करता म्हणाले.

विष्णूने चप्पल बाहेर काढली. या शेडमध्ये पायात काही घालून यायचं नाही हा नियम होता. अवजारांपाशी चप्पल चालत नाही. चिंतामणरावांचे वडील होळकरांच्या फर्राशखान्यात तंबू-गालिचांचा हिशेब बघत, तेव्हापासूनचा हा नियम.

"काय मोजतोयस रे?" शोभनाने विचारलं.

"रॅक. तीन मजली बसते की नाही ते बघतोय. नाराज नको होऊस, ताई. मीही देवाला हेच मागितलंय की बाबांना काम मिळो. पण आपली तयारी असावी ना भिया."

"मला भिया म्हणू नकोस. मी काय तुझा भाऊ आहे?"

"बरं, ताईजी."

शोभनाला हसू आलं. विष्णूवर फार वेळ रागावता येत नसे, ही तिची जुनी अडचण. तिने खुर्चीकडे पाहिलं. उजळ लाकडाच्या दोन उभ्या बाजू, त्यांत दीड-दीड इंचावर भोकांची रांग. मध्ये बसायचा पाट, खाली पाय ठेवायची जाड फळी. दोन्ही हव्या त्या भोकावर खुंट्यांनी अडकवायचं. खिळा नाही, सरस नाही. मूल वाढलं की पाट एक भोक खाली, पायफळी आणखी खाली. तीन वर्षांच्या मुलापासून बारा वर्षांच्यापर्यंत तीच खुर्ची. काही मोडलं तर तेवढाच भाग बदलायचा. लाकूड पीथमपूरच्या नव्या कारखान्यांत परदेशी यंत्रं ज्या पेट्यांतून येत, त्या पेट्यांचं. एरवी ते भट्टीत जायचं. खुंट्या मिलच्या, धागा गुंडाळायच्या लाकडी बॉबिनी कापून केलेल्या. मिलच्या भंगारातून त्या जळणासाठी विकल्या जात होत्या तेव्हा चिंतामणरावांनी दोन पोती उचलली होती. "जळायला जन्मलेल्या नाहीत त्या," एवढंच ते तेव्हा म्हणाले होते.

*

जीप साडेदहाला आली. जयसिंगराव उतरले आणि मागून त्यांची पाच वर्षांची नात पिंकी, गणवेशात, काळ्या बुटांत.

"नमस्कार, नमस्कार! या शोभना मॅडमनी माझं डोकं खाल्लंय. म्हटलं चलो, देख लेते हैं. आणि गिऱ्हाईक बरोबर आणलंय," त्यांनी नातीच्या डोक्यावर टपली मारली. "शाळेत माझ्याकडे एक खोली आहे, मास्टरजी. मोडक्या खुर्च्यांची. दर वर्षी तीस-चाळीस पडतात. कुणाचा पाय तुटला, कुणाची पाठ. आणि ज्या धड आहेत, त्यात मूल मावत नाही. मी फौजेत भंगार बघितलंय, पण हे असं नाही."

शेडच्या दाराशी सगळ्यांनी पादत्राणं काढली. पिंकीचे बूट शारदेने सोडले, मोजे आत खोचून बाजूला ठेवले. मग डब्यातून एक दोरा काढून तिने पिंकीच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत धरला, चिंतामणरावांकडे पाहून चार बोटं दाखवली, आणि त्यांनी पायफळीची खुंटी चौथ्या भोकात ठोकली.

"ये दोरा क्या है?" जयसिंगरावांनी विचारलं.

मोहनची पाळी आली. त्याने घसा खाकरला. "ते असं, साहेब... म्हणजे आमच्या मिसेसचा एक नेम आहे. मुलगा लहानपणी आजारी होता, तेव्हा बोलली की दर श्रावणात त्याच्या उंचीएवढी वात महादेवाला लावीन. तर ती... वात... म्हणजे खुर्ची..."

शारदेने डबा पुढे केला आणि दोऱ्यावरच्या गाठी दाखवल्या.

"ती म्हणतेय की खुर्ची दोऱ्याने बांधताही येते," मोहन म्हणाला.

शारदेने कपाळाला हात लावला. शोभनाने तोंडावर पदर धरला.

"मोहन," चिंतामणराव म्हणाले, "तुझाही आज सोमवार आहे असं समज." मग जयसिंगरावांकडे वळून, "वातीसाठी उंची मोजायला दोरा लागतो. हिचा हात चांगला म्हणून आळीतल्या बायकाही आपापल्या मुलांची वात हिच्याकडून करून घेतात. वात जळून जाते, दोरा उरतो. ही टाकून देत नाही. मी पहिली खुर्ची करायला घेतली तेव्हा म्हणालो, सूनबाई, मुलांची मापं कुठून आणायची? तर हिने हा डबा पुढे ठेवला. तेव्हाच सहा वर्षांचे दोरे जमले होते. मग मी तिला गुडघ्याला आणि कमरेला गाठ मारायला सांगितलं. भोकं या गाठींवरून पाडलीत. साहेबी पुस्तकातून नाही."

ही तिसऱ्या वाक्याच्याही पुढची मजल होती आणि ते चिडले नव्हते. शोभनाचा जीव भांड्यात पडला.

पिंकी बसली. पाठ सरळ, पावलं फळीवर पुरती टेकलेली, गुडघे काटकोनात. तिने दोन्ही हात पुढच्या मेजावर ठेवले आणि उगीचच "प्रेझेंट सर" म्हणाली.

"वाह," जयसिंगराव म्हणाले. खुर्चीभोवती एक चक्कर मारून त्यांनी ती हलवून पाहिली. हलली नाही. "वाह! अच्छा, अब बूट घाल बेटा. शाळेत काय अनवाणी बसतेस?"

पिंकीने बूट घातले आणि पुन्हा बसली.

गुडघे वर आले. मांड्या पाटावरून उचलल्या गेल्या, आणि मुलगी जरा मागे कलली, उंच पायरीवर पाय ठेवून बसावं तशी.

चिंतामणरावांनी वाकून खुंटी काढली, पायफळी एक भोक खाली घेतली. आता पाय खाली पोचेनात. बुटांची टोकं हवेत इंचभर झुलू लागली.

"ऊपर जास्त, नीचे कम," जयसिंगराव हळू आवाजात म्हणाले.

चिंतामणराव उकिडवेच बसून राहिले. एकतीस वर्षं सुतारखात्यात काढली, पण असं कधी घडलं नव्हतं. शंभरावर मुलांचे दोरे होते त्या डब्यात. प्रत्येक मूल देवापुढे उभं राहून मोजलेलं. आणि देवापुढे बूट घालून कोण उभं राहतं? शेडच्या दाराशीही त्यांनी स्वतःच सगळ्यांचे पाय मोकळे करून घेतले होते. अर्ध्या इंचाचा सोल नऊ वर्षांत एकदाही या घरात मोजला गेला नव्हता. भोकांमधलं अंतर दीड इंच. अर्धा इंच कुठून आणायचा?

"मास्टरजी, कारीगरी में कोई कमी नहीं," जयसिंगराव म्हणाले. "पण मूल पाच-पाच तास बसतं. मी चाळीस मुलांच्या पाठी बिघडवू शकत नाही."

"सर," शोभना घाईने म्हणाली, आणि शाळेपुढे आपली लाज राखायलाच आपण हे बोलतोय, ते तिला बोलता बोलताच कळत होतं, "माझ्या भावाच्या दुकानात तयार खुर्च्या आहेत. प्लास्टिकच्या, हलक्या. तीन साइझमध्ये. आपण त्या बघितल्या तर... विष्णू, कॅटलॉग आणलायस ना?"

शारदेने तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. तेच शोभनाला जास्त लागलं. मग शारदा वळली आणि शेडमधून निघून घरात गेली.

"तिला वाईट वाटलं," मोहन पुटपुटला.

विष्णूच्या काखेत कॅटलॉग होता. शेड त्याची झाली होती, आणि वर चाळीस खुर्च्यांचं गिऱ्हाईक समोर उभं. त्याने कॅटलॉग काढला आणि पहिलं पान उघडलं. निळी खुर्ची, लाल खुर्ची, हत्तीचं चित्र. या निळ्या खुर्च्यांपैकी एकोणीस त्याच्या दुकानामागच्या बोळात एकात एक घालून पडल्या होत्या. मधल्या टेकूला तडा गेलेल्या, गिऱ्हाइकांनी परत आणून टाकलेल्या. भंगारवालासुद्धा नाक मुरडून गेला होता. बाबा अजून उकिडवेच होते. हातात बॉबिनची खुंटी, आणि अंगठ्याने ते तिचं टोक पुसत होते, पुसायला काही नसताना.

"सर," विष्णू म्हणाला, "खरं सांगू? याची गॅरंटी एक वर्षाची आहे. दोन वर्षांनी तुम्हाला मोडक्या खुर्च्यांची दुसरी खोली लागेल."

जयसिंगराव भुवया उंचावून त्याच्याकडे बघू लागले. "तुम दुकानदार हो ना, भाई?"

"आहे ना. म्हणून तर माहिती आहे. पाच मिनिटं थांबा, सर. खिचडी खाऊन जा. फराळी मिक्स्चर घालून, सराफ्यातल्या गाड्यांवर मिळते त्याहून बरी. वहिनींच्या हातची आहे."

"पाच मिनिटांत काय होणार?"

"ते मला नाही माहीत," विष्णू म्हणाला. "पण वहिनी आत रडायला गेल्यात असं मला वाटत नाही. त्या रडत नाहीत."

घरातून जड डबा सरकवल्याचा आवाज आला. पत्रा फरशीवर घासल्याचा. मग काहीतरी झटकल्याचा.

*

तांदळाच्या डब्याखाली ती फळी दोन हिवाळ्यांपासून होती. शारदेने पाडलेलं तिसरं की चौथं भोक. गिरमिट हातात नवं होतं. फळीच्या टोकाला बरोबर मध्यावर भोक हवं होतं आणि ते एका कडेकडे सरकलं, दोन्ही टोकांना सारखंच. "ही गेली बंबात," मामंजी म्हणाले होते. आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबात घरातले सगळे लाकडाचे तुकडे जात. शारदेने ती बाजूला ठेवली. कामाची असू शकणारी वस्तू जाळायची नाही, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं. मग आषाढी एकादशीला चातुर्मासाचे नेम धरताना तिने हाच नेम धरला होता. बायका वांगं सोडतात, कांदा सोडतात. तिने जाळणं सोडलं.

पिंकीचे गुडघे वर आलेले दिसताच तिला फळी आठवली होती. विचार करायला तिला शब्द लागले नाहीत, आणि आज ते बरंच झालं.

ती शेडमध्ये आली. पिंकीला खाली उतरवलं, पहिली फळी काढून मामंजींच्या हातात दिली आणि ही चौथ्याच भोकात बसवली. भोकाच्या वर लाकूड कमी, खाली जास्त, अशी. खुंट्यांवर लाकडी हातोडीचे दोन-दोन ठोके. पिंकीला उचलून पाटावर ठेवलं.

बुटांचे तळवे फळीवर टेकले. गुडघे काटकोनात आले.

मग तिने पिंकीचे बूट पुन्हा काढले, खुंट्या सैल केल्या, तीच फळी उलटी करून भोक एक खाली घेतली. जाड बाजू वर. मुलीचे अनवाणी पाय फळीपासून इंचभर वर राहिले. शारदेने मान हलवली, हे नाही. मग फळी पुन्हा चौथ्या भोकात आणून, एकदा सुलटी, एकदा उलटी धरून, बोटांनी दाखवलं. इथे असं, इथे असं. प्रत्येक भोकाला दोन उंच्या.

चिंतामणराव उठले. फळी हातात घेऊन त्यांनी भोक कडेपासून दोन्ही बाजूंनी मोजलं. "चार सूत सरकलंय," ते म्हणाले, "म्हणजे बरोबर अर्धा इंच." मग एकदा सुनेकडे बघून जयसिंगरावांना म्हणाले, "ही चूक आहे, साहेब. हिचीच. मी ही बंबात घालायला सांगितली होती. आता यापुढे सगळ्या पायफळ्यांना भोक असंच चुकीचं पडेल. भोकं तेवढीच, उंच्या दुप्पट."

"आणि एखादं मूल चपला घालून आलं तर?"

"फळी उलटायची. त्याला सुतार लागत नाही, मूलसुद्धा उलटेल."

जयसिंगरावांनी स्वतः खाली बसून फळी काढली, उलटली, बसवली. दोनदा. मग हात झटकत उठले. "चाळीस. दिवाळीची सुट्टी संपली की मला पहिल्या वीस दिसल्या पाहिजेत. और मॅडम," ते शोभनाकडे वळले, "बालवर्गाची मापं तुम्ही घ्यायची. बूट घालून!"

"हो, सर," शोभना म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती शारदेजवळ गेली, काही बोलायला तोंड उघडलं, पण शारदेने तिच्या हातात खिचडीची दुसरी ताटली ठेवून कॅप्टनसाहेबांकडे बोट दाखवलं.

जीप गेल्यावर विष्णूने मोजपट्टी गुंडाळली. "झालं तर मग! बाबांची शेड बाबांना, वहिनींची वहिनींना. आणि माझा माल? तो काय दादाच्या डोक्यावर ठेवू?"

"ठेव," मोहन म्हणाला. आज तो कशालाही तयार होता.

"दादा, खरंच ठेवीन हां." मग त्याचा आवाज बदलला, दुकानातला झाला. "बाबा, या खुर्च्या माझ्या दुकानात ठेवल्या तर? मूल वाढलं, पाट लहान पडला, तर लोकांनी जुना पाट आणून द्यायचा आणि मोठा न्यायचा. जुना आपण रंधा मारून दुसऱ्याला. टाकायला काही उरणारच नाही. दिल्लीवाल्यांना हे जमणार नाही."

"आधी चाळीस," चिंतामणराव म्हणाले.

"आधी चाळीस, मंजूर. पण विचार करा ना."

"तुझ्या हातात रंधा दिला तर धरशील?"

विष्णूने मोजपट्टी खिशात टाकली. "चप्पल काढून येईन," तो म्हणाला.

*

दिवेलागणीला शारदेने देवापुढे निरांजन लावलं, बेल वाहिला, आरती मनातच म्हटली. शोभना परतीची बस सोडून थांबली होती. विष्णूने दुकान नोकरावर टाकलं होतं. सगळे माजघरात बसून होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की पहिलं वाक्य आपल्याला मिळावं. शोभनाला माफी हवी होती, मोहनला टोमणा चालला असता, चिंतामणरावांना नेमकं काय हवं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"बोला, वहिनी," विष्णू म्हणाला. "दिवसभराचं साठलं असेल."

शारदेने हळद-कुंकवाची बोटं पदराला पुसली. तिचा दहा वर्षांचा मानस शाळेचं दप्तर आवरत होता.

"मानस," ती म्हणाली, "बूट घाल."

"आत्ता? कुठे जायचंय?"

"कुठे नाही. अंगणात उभा राहा, उंबऱ्याबाहेर." मग नणंदेकडे वळून, नेहमीच्याच मऊ आवाजात, "शोभनाताई, तुम्हीही या. उद्यापासून चाळीस मुलं मोजायची तुम्हाला, कसं धरायचं ते दाखवते."

शोभना उठली. डोळे पुसायला तिला वेळच मिळाला नाही, दोऱ्याचं एक टोक तिच्या हातात आलं होतं.

देवघराचा उजेड उंबऱ्यापर्यंत येत होता. मानस त्याच्या कडेला बुटांनिशी ताठ उभा राहिला. शारदा त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. दोऱ्याचं टोक तिने शोभनाला बुटाच्या तळाशी दाबून धरायला लावलं, वर नेत गुडघ्यापाशी गाठ मारली. मग परत खाली येऊन, टाच आणि सोल जिथे मिळतात तिथे, एक नवी गाठ.